निळे ठिपके

स्लाइड हातात कशी धरायची हे ज्याला आपण शिकवलं, त्याच्याच वर्गात बसून 'चित्र कसं बघावं' हे शिकायची वेळ ठिपकेबाईंवर आली, तीही वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी. पत्र चांगल्या जाड कागदावर आलं होतं. चित्रसंग्रह व्यवस्थापकांसाठी व्यावसायिक विकास शिबिर, सोमवार ते शुक्रवार, उपस्थिती सक्तीची. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की ज्यांना प्रमाणपत्र मिळणार नाही त्यांची 'अन्यत्र सोय' केली जाईल. अन्यत्र म्हणजे कुठे, ते शिपायानेच सांगून टाकलं: जिन्याखालचं किल्ल्यांचं काउंटर. खोल्यांच्या किल्ल्या द्यायच्या, परत घ्यायच्या, वहीत सही घ्यायची.

बाई वास्तुकला महाविद्यालयाचा चित्रसंग्रह सांभाळत होत्या. एकतीस वर्षं. तळमजल्यावरच्या लांबट खोलीत लोखंडी कपाटांच्या दोन रांगा, त्यांत उथळ खण, आणि खणांत चाळीस हजार स्लाइड. जिने, दारं, कमानी, छतं, खांबांचे माथे. त्यातल्या निम्म्या इमारती आता उभ्याही नव्हत्या. त्या जेवढ्या काही उरल्या होत्या त्या बाईंच्या खणांत. कुठल्याही प्राध्यापकाने दारात उभं राहून "ते जुन्या कोर्टाचं..." एवढं म्हटलं की वाक्य संपायच्या आत स्लाइड त्याच्या हातात पडायची. याचा बाईंना अभिमान होता, आणि तो त्या लपवत नसत.

शिबिर घेणारा डिजिटल विभागाचा संचालक अकरा वर्षांपूर्वी त्यांच्याकडे तात्पुरता मदतनीस म्हणून आला होता. बोलायला गोड, कामाला बरा. बाईंनी त्याला सगळं दिलं. रात्रंदिवस खपून बनवलेला आपला वर्गवारीचा तक्ताही दिला: बावीस रकाने, इमारत कुठली, भाग कुठला, दगड की लाकूड, कुठल्या काळातलं, फोटो कुणी काढला. तो तक्ता घेऊन हा गृहस्थ एका परिषदेत गेला आणि स्वतःच्या नावावर मांडून आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग दुसऱ्या संस्थेत बढती, तिसऱ्या संस्थेत मोठी बढती, आणि गेल्या वर्षी तो इथेच परत आला, बाईंचा साहेब होऊन. त्या तक्त्याच्या छापलेल्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर 'सर्व कर्मचाऱ्यांचे आभार' होते. त्या सर्वांत बाई कुठेतरी असाव्यात.

बाई त्याला मनात 'शिष्योत्तम' म्हणत. तोंडावर 'सर' म्हणावं लागे.

सोमवारी त्याने बाहेरून आलेल्या तीसेक लोकांना तक्ता वाटला. गुळगुळीत कागद, चार रंग, खाली त्याचं नाव. बाईंनी रकाने मोजले. बावीस. एकही वाढवला नव्हता की कमी केला नव्हता. अगदी एकोणिसावा रकाना, जो बाईंनी घाईत चुकीच्या जागी टाकला होता, तोही तिथेच होता. चोरी करणाऱ्याने निदान घर तरी आवरून ठेवावं!

"तुमच्या साहेबांचं डोकं चांगलं आहे हो," शेजारी बसलेली बाई कुजबुजली. ती एका इस्पितळाचा चित्रसंग्रह बघायची, एक्स-रे आणि जखमांचे फोटो. बाईंपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, नाकावर चष्मा, हातात पेन्सिल.

"डोकं कुणाचं ते नंतर बोलू," ठिपकेबाई म्हणाल्या.

मंगळवारी सकाळी शिष्योत्तमाने पडद्यावर एक चित्र लावलं. जुन्या कोर्टाचा मोठा जिना. कोर्ट पाडून आता सोळा वर्षं झाली. जिन्याच्या पहिल्या पायरीशी एक माणूस मापाची पट्टी धरून उभा, उंचीचा अंदाज यावा म्हणून.

"आता याचं वर्णन कसं कराल?" शिष्योत्तमाने विचारलं, आणि कुणी तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर दिलं. "जिना, दगडी. आणि माणूस लिहायचा तर एवढंच लिहा: पुरुष, अनोळखी."

तो पुरुष ठिपकेबाईंचा नवरा होता.

त्या जिन्याचा फोटो बाईंनी स्वतः काढला होता. रविवार होता, आणि नवरा "सुट्टीच्या दिवशी मला खांबासारखं उभं करतेस" म्हणत पट्टी धरून उभा राहिला होता. त्याला जाऊन चौदा वर्षं झाली. आणि इथे तीस माणसांनी वहीत लिहून घेतलं: अनोळखी. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या उठून बोलणारच होत्या, पण नजर नवऱ्याच्या डोक्यावर गेली आणि त्या बसल्या जागी थबकल्या.

भांग उजवीकडे होता. नवरा आयुष्यभर डावीकडे भांग पाडायचा. घड्याळही उजव्या मनगटावर. जिना डावीकडे वळत होता, आणि तो वळायचा उजवीकडे.

चित्र उलटं होतं. आरशात दिसावं तसं.

का उलटं, हे बाईंना क्षणात कळलं, कारण ते कळणारं माणूस जगात एकच उरलं होतं. स्लाइड म्हणजे चौकटीत बसवलेला फिल्मचा तुकडा. दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. म्हणून चौकटीच्या एका बाजूला कोपऱ्यात ठिपका द्यायचा. अंगठा ठिपक्यावर ठेवला की स्लाइड बरोबर लागली. दाखवणाऱ्याने डोकं चालवायची गरज नाही. हे ठिपके देता देताच बाईंना त्यांचं नाव पडलं होतं. साध्या वर्गांसाठी ठिपका लाल. पण मोठ्या सभागृहात प्रोजेक्टर पडद्याच्या मागे असायचा, तिथे तीच स्लाइड पलटून लावावी लागे. त्या सभागृहात जाणाऱ्या स्लाइडना बाईंनी दुसऱ्या बाजूला ठिपका दिला, निळा. अंगठ्याची सवय तीच, हात तोच. सभागृहातला प्रोजेक्टर बंद पडून बारा वर्षं झाली होती. निळ्याची गोष्ट बाईंनी शिष्योत्तमाला त्याच्या पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितली होती, आणि तो "हो हो, लक्षात आलं" म्हणाला होता.

लक्षात राहिलं नव्हतं. गेल्या वर्षभरात सगळ्या स्लाइड स्कॅन करून घेतल्या, तेव्हा कंत्राटदाराला त्याने एका ओळीची सूचना दिली असणार: ठिपक्याची बाजू वर. लाल सगळे सरळ आले. निळे सगळे उलटे. स्कॅनमध्ये चौकट कापून टाकलेली, त्यामुळे ठिपकाही दिसायची सोय नाही. अडीच हजारांच्या आसपास निळे होते, आणि विषयवार लावलेले असल्यामुळे चाळीस हजारांत सगळीकडे विखुरलेले.

बाईंच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. इतक्या की त्यांनी रुमाल तोंडाशी धरला.

"बरं नाही वाटत का?" इस्पितळवालीने विचारलं.

"छे हो. फार बरं वाटतंय."

घरी बाईंची नणंद होती. शिवणकाम करायची, लग्न केलं नव्हतं, भाऊ गेल्यापासून वहिनीकडेच राहात होती, आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. ती कॉलर उसवत बसली होती. बाईंनी चहासुद्धा न टाकता सगळं सांगितलं.

"दादा अनोळखी?" नणंदेने कात्री खाली ठेवली. "त्या मेल्याला उलटा टांग."

"टांगणारच आहे. शुक्रवारी समारोप आहे. प्राचार्य येणार, बाहेरचे पाहुणे येणार. तेव्हा सगळ्यांसमोर."

"उद्याच का नाही?"

"उद्या सांगितलं तर काय होईल? तो म्हणेल, 'अरेच्चा, चूक झाली,' निळ्या स्लाइड पुन्हा स्कॅन करून घेईल, पंधरा दिवसांत सगळं सरळ. वर माझे आभार मानेल. शेवटच्या पानावर." बाई खुर्चीत टेकल्या. "उद्या दुपारी गाडी येतेय. स्कॅन झालेल्या सगळ्या स्लाइड चुरा करायला नेणार आहेत. जागा रिकामी हवीये त्याला. त्याच्याच सहीचं पत्र आहे. एकदा का चुरा झाला की मग त्याला माघार नाही."

नणंदेने उसवलेली कॉलर बाजूला सारली.

"वहिनी, पण मग ती चित्रं?"

"माझ्या डोक्यात आहेत."

"अडीच हजार?"

"एकूण एक. झोपेतून उठवून विचार."

"मला तर काल कापलेल्या बाहीची सुलट बाजू आज आठवत नाही," नणंद म्हणाली. "दोरा लावून खूण करते तेव्हा कळतं."

"तू कपडे शिवतेस गं. माझं वेगळं आहे."

नणंदेने पुन्हा कात्री उचलली. "बघ बाई. नाहीतर त्याला तोंडघशी पाडायच्या नादात स्वतःचं काहीतरी मोडून बसशील."

बाईंना राग आला. अकरा वर्षं मूग गिळून बसलेल्या माणसाला एक दिवस तरी जेवू द्यावं की नाही?

बुधवारी गाडी आली. शिबिराची जेवणाची सुट्टी होती. बाई आपल्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. दोन माणसं खण उपसून प्लास्टिकच्या पिंपांत उपडे करत होती. स्लाइड पडताना कोरडा, बारीक आवाज व्हायचा. तिसऱ्या कपाटाशी आल्यावर बाईंना दिसले ते, लालांच्या मधेमधे निळे. एक शब्द पुरला असता. "थांबा" म्हटलं असतं तरी माणसं थांबली असती; त्यांना काय, पगार तोच. बाईंच्या ओठांपर्यंत तो शब्द आला.

तेवढ्यात शिष्योत्तम हातात कॉफीचा कप घेऊन आला. "काय बाई, वाईट वाटतंय? वाटणारच. पण आता तुमच्यासारख्यांनीही थोडं पुढे जायला हवं."

"खरंय, सर," बाई म्हणाल्या. "न्या म्हणावं. सगळं न्या."

आणि त्या दारातून बाजूला झाल्या, पिंपं जायला वाट हवी म्हणून.

गुरुवारी बाईंनी वर्गात इतकं मन लावून ऐकलं की शिष्योत्तमाने त्यांचं उदाहरण सगळ्यांना दिलं. "वय आड येत नाही, बघा," असं म्हणाला. बाई हसल्या. उद्या या वेळेला तुझं थोबाड कसं दिसेल, एवढाच विचार त्यांच्या मनात होता, आणि तो विचार इतका गोड होता की जेवताना त्यांनी इस्पितळवालीला आपल्या डब्यातलं निम्मं देऊन टाकलं.

शुक्रवारी सभागृह भरलं. पुढच्या रांगेत प्राचार्य, तोलून-मापून बोलणारे गृहस्थ, आणि त्यांच्या शेजारी दुसऱ्या संस्थांचे तीन प्रमुख. शिष्योत्तमाने भाषण केलं. चाळीस हजार चित्रं, एका वर्षात, एकही चूक नाही, असं तो म्हणाला, आणि त्याच वेळी त्याच्या मागे पडद्यावर कोर्टाचा जिना झळकला. बाईंनी इतकी मेहरबानी मागितलीही नव्हती.

त्या उठल्या. "सर, एक शंका आहे."

"विचारा ना बाई."

"हे चित्र उलटं आहे."

सभागृहात हशा पिकला नाही. कुणाला कळलंच नव्हतं. शिष्योत्तम मात्र हसला. "बाई, जिना वर जातोय, खाली नाही."

"डावं-उजवं उलटं आहे. पायरीशी उभा आहे तो माझा नवरा. भांग डावीकडे पाडायचा, घड्याळ डाव्या हातात बांधायचा. आणि जे लोक कोर्टात गेले असतील त्यांना आठवेल, जिना उजवीकडे वळायचा."

पुढच्या रांगेतला एक पाहुणा एकदम सरळ बसला. "अहो, बरोबर आहे! माझे वडील तिथे वकील होते. उजवीकडेच वळायचा."

आता कुजबुज सुरू झाली. बाईंनी लाल आणि निळ्याची गोष्ट सांगितली, सावकाश, एकेक शब्द वेगळा करून, जशी अकरा वर्षांपूर्वी त्याला सांगितली होती. "आणि हे एकच नाही. अशी अडीच हजार आहेत. साहेबांना मी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं."

शिष्योत्तमाचा चेहरा पांढराफटक पडला. बाईंनी तो डोळे भरून पाहिला. कपाळावर घाम, नजर प्राचार्यांकडे आणि परत. "आपण... आपण त्या स्लाइड पुन्हा स्कॅन करून घेऊ."

"कुठल्या स्लाइड?" बाई म्हणाल्या. "त्यांचा बुधवारी चुरा झाला. तुमच्या सहीने."

हे वाक्य त्यांनी मंगळवारपासून पाठ केलं होतं, आणि ते हवं तसंच पडलं. मागच्या रांगेतून कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. प्राचार्यांनी चष्मा काढला. इतकं सुख बाईंना किती वर्षांत झालं नव्हतं, त्यांनाच आठवेना.

"चित्र पलटणं संगणकावर एका क्षणाचं काम आहे," प्राचार्य सावकाश म्हणाले. "प्रश्न इतकाच, की पलटायची कुठली?"

"ते मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "सगळी माझ्या डोक्यात आहेत. मी सांगेन. पण आधी साहेबांनी इथे, सगळ्यांसमोर एक सांगावं. पाच दिवस त्यांनी जो तक्ता शिकवला तो कुणाचा आहे?"

शिष्योत्तम खाली बघत राहिला. मग त्याने मान वर केली, आणि त्याच्या तोंडावर हळूहळू रंग परत आला. बाईंना ते आवडलं नाही.

"बाईंचा आहे," तो म्हणाला. स्वच्छ, खणखणीत. "जे सांगायला हवं होतं, ते मी इतकी वर्षं सांगितलं नाही. माफी मागतो. बावीसच्या बावीस रकाने बाईंचे आहेत. मी त्यात एक अक्षरही बदललेलं नाही."

टाळ्या झाल्या. बाईंनी या टाळ्या अकरा वर्षं कानांत वाजवून पाहिल्या होत्या, आणि खरोखरच्या ऐकताना त्यांचे डोळे भरून आले.

टाळ्या थांबल्यावर इस्पितळवालीने गुळगुळीत तक्ता उचलून डोळ्यांजवळ नेला. तिच्या बोलण्यात कसलीही खोच नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "मग यात ठिपक्याचा रंग कुठल्या रकान्यात आहे? मला सापडत नाहीये."

तो रकाना नव्हता. ठिपका स्लाइडवरच असताना तो आणखी लिहायचा कशाला, असं त्यांना कधीच्या काळी वाटलं होतं. रजिस्टरातही नव्हता.

"नाहीये," शिष्योत्तम म्हणाला. एवढंच, आणि माइक ठेवून खाली बसला. त्याची नोकरी गेल्यात जमा होती हे त्यालाही कळत होतं, पण आता तो खड्ड्यात एकटा नव्हता.

"हरकत नाही," प्राचार्य म्हणाले. "बाईंच्या लक्षात आहे म्हणतात. मासला म्हणून चार-पाच आत्ताच बघू. पाहुणेही आहेत."

इस्पितळवाली पेन्सिल सरसावून पुढे आली. "मी लिहून घेते. आमच्याकडे डावं-उजवं चुकलं तर चांगला पाय कापला जातो, म्हणून मला सवय आहे."

संगणकाशी बसलेल्या मुलीने एक चित्र लावलं. एका दाराची चौकट, कोरीव. मग तेच पलटून लावलं. "असं की असं?"

चौकटीवर वेल होती. एकदा ती डावीकडून चढत होती, एकदा उजवीकडून. बाई पडद्याजवळ गेल्या. हे दार त्यांना माहीत होतं. कपाट चार, खण अकरा. कुणी काढलं, कुठल्या वर्षी, लाकूड कुठलं, सगळं माहीत होतं. स्लाइड हातात घेतल्यावर अंगठ्याखाली चौकटीचा कोपरा कसा लागायचा तेही आठवत होतं. वेल कुठून चढायची ते आठवत नव्हतं. ते बघायची गरज कधी पडलीच नव्हती. अंगठा ठिपक्यावर ठेवला की झालं.

"पुढचं दाखवा," त्या म्हणाल्या.

पुढे एक छत आलं. मग एक कमान, जिच्या एका बाजूला तडा होता. डावा तडा, उजवा तडा. मुलगी पलटत राहिली. "असं की असं?" मग एक जिना, ज्यात कुणी उभं नव्हतं. इमारत नव्हती. खण रिकामे होते. सभागृह वाट बघत होतं, आणि पहिल्या बाकावरून शिष्योत्तम बाईंकडे बघत होता, एकटक, तोंडावर काहीही न दाखवता.

त्याच्यासमोर "मला माहीत नाही" म्हणणं बाईंना शक्य नव्हतं. जीव गेला असता तरी नाही.

"असं," त्या ठामपणे म्हणाल्या, आणि पडद्याकडे बोट केलं.

"नक्की ना?" इस्पितळवालीने विचारलं.

"नक्की."

तिने ते सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं आणि मुलीला म्हणाली, "पुढचं लाव."